ओकशिवाय पांढरी वाइन: घरची बाग, स्टीलची एक टाकी, १००० लिटर

द्राक्षवेल

कोल्हापूरसारख्या उसाच्या जिल्ह्यात वाइनचा धागा कशाला, असं विचारणारे विचारणारच. पण द्राक्षाचा पट्टा आपल्या पूर्वेला लागूनच आहे (मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ), आणि दुधासाठी स्टीलच्या टाक्या करून करून हात बसलेले लोक इथे उद्यमनगरात आणि शिरोलीत आहेत. ओकच्या लाकडी पिंपात न ठेवलेल्या पांढऱ्या वाइनला मुख्यतः याच दोन गोष्टी लागतात: नीट पिकलेलं फळ आणि नीट बनवलेली टाकी.

चर्चेसाठी एक ठरावीक हिशोब समोर ठेवू. घरची दोन एकर शेनिन ब्लां (पांढऱ्या वाइनचं द्राक्ष). त्यातला १.७ टन माल स्वतःच्या वाइनला, बाकीचा वायनरीला विकायचा. परवाना असलेल्या वायनरीत जागा भाड्याने. १००० लिटर रस, आंबवायला एकच टाकी, लाकडाचा स्पर्श नाही. वाइन कोरडी (साखर न उरलेली), अल्कोहोल १२.५ टक्क्यांच्या आसपास.

ओक नसतो तेव्हा काय जातं, तर व्हॅनिला, भाजल्याचा वास, लवंग आणि खोबऱ्यासारखा गोडसर वास. हे सगळं पिंपाच्या लाकडातून येतं. उरतं ते फळ आणि आंबटपणा. म्हणून रसात काही बिघडलं तर त्यावर पांघरूण घालायला काही नसतं. 'ओक नाही म्हणजे काम सोपं आणि स्वस्त' हा समज निम्माच खरा. पिंपांचा खर्च वाचतो, पण तो चिलर (रस थंड करायचं यंत्र) आणि नायट्रोजन गॅसवर जातो.

आधीच सांगते: घरी ड्रममध्ये करून बघू का, असं इथे विचारू नका. राज्य उत्पादन शुल्काच्या परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. धागा परवान्याच्या जागेत काम करणाऱ्यांसाठी आणि आपण काय पितो ते समजून घेणाऱ्यांसाठी आहे.

तासगावकर

बागेचं मी लिहितो. खाण्याच्या द्राक्षाची सवय हातात असेल तर ती आधी विसरायची.

एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळ छाटणी, हे चक्र तेच. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड, तेही तेच. फरक त्यापुढे. जीए (जिबरेलिक आम्ल) अजिबात नाही. मणी फुगवून काय करणार? वाइनला लहान मणी हवा, सालीजवळचा वास हवा. घड विरळ करण्याची मजुरीही वाचते. मात्र घडाभोवतीची पानं सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढावी लागतात, म्हणजे वारा खेळतो आणि भुरी (पांढरी बुरशी) बसत नाही. दुपारच्या बाजूची पानं ठेवा. ती काढली की मण्यावर ऊन लागून साल तपकिरी होते आणि वाइनला कडवट शेवट येतो.

फवारणीत दोन गोष्टी वाइनमध्ये थेट दिसतात. भुरीसाठीचं गंधक तोडणीआधी ४ ते ५ आठवडे बंद करा. मण्यावर उरलेलं गंधक यीस्टच्या तावडीत सापडलं की टाकीतून सडक्या अंड्याचा वास येतो. दुसरं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण). केवडा रोगासाठी उशिरा मारलेलं तांबं रसात उतरतं आणि फळाच्या वासाचे घटक बांधून टाकतं. शेनिनमध्ये हे थोडं खपून जातं. सोविन्यों ब्लांमध्ये नाही, तिथे पेरू आणि पॅशनफ्रूटचा वासच गायब होतो.

आणि दरवेळी येणारा प्रश्न: थॉमसन किंवा तास-ए-गणेशची पांढरी वाइन का नाही करायची? होते की. पण वास नाही, आंबटपणा नाही. अशा वाइनला ओक नसेल तर पेल्यात उरतं काय? बेदाण्याचं द्राक्ष बेदाण्यालाच बरं.

साका_खाली

तोडणीची वेळ. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत कधीही येऊ शकते. नुसत्या ब्रिक्सवर (रसातल्या साखरेच्या मापावर) जाऊ नका. आपल्याकडे साखर चढायला वेळ लागत नाही, आंबटपणा मात्र झपाट्याने उतरतो. शेनिनसाठी ब्रिक्स २१.५ ते २२.५, पीएच ३.२ ते ३.४, एकूण आम्लता लिटरला ६.५ ग्रॅमच्या वर. तिन्हीत ओढाताण झाली तर पीएच ऐका. २१ ब्रिक्सला तोडलेली वाइन हलकी लागेल, पण पीएच ३.७ झालेली वाइन पुढे प्रत्येक पायरीवर त्रास देते. तरीही पीएच वर गेलाच तर टार्टारिक आम्ल रसातच घाला, आंबवल्यानंतर नको. लिटरला १ ग्रॅमने पीएच साधारण ०.१ उतरतो.

दाणे चावूनही बघा. बी तपकिरी झाली का, साल चावल्यावर हिरवट तुरट लागते का. याला यंत्र नाही.

तोडणी पहाटे, २० किलोच्या क्रेटमध्ये, क्रेट काठोकाठ न भरता. वरच्या क्रेटने खालचे घड चेंगरले की रस तिथेच हवेशी खेळायला लागतो. ट्रकमध्ये ताडपत्रीखाली ४ तास गेले तर रंग आधीच पिवळा.

दाबताना अख्खे घड घालता आले तर उत्तम, देठांमुळे रसाला वाट मिळते. देठ काढून दाबत असाल आणि साधा टोपलीचा प्रेस असेल तर भाताचा तूस धुऊन मिसळा, नाहीतर लगदा चिकटून बसतो. सहज निथळलेला आणि हलक्या दाबाचा रस एका भांड्यात, जोराचा दाब दिलेला शेवटचा रस वेगळ्या भांड्यात. टनाला ६०० लिटरवर थांबा. पुढचे ५०-६० लिटर मोहात पाडतात, पण त्यांत तुरटपणा आणि वाढलेला पीएच असतो.

रसाला लगेच केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट). १००० लिटरला ५० पीपीएम म्हणजे ८७ ग्रॅम, कारण केएमएसमध्ये सल्फर डायऑक्साइड ५७ टक्केच. पुडी जुनी, उघडी पडलेली असेल तर ताकद आणखी कमी. नवी आणा, हिशोब चुकवू नका. मग १० ते १२ अंशाला २४ तास थंड ठेवून साका (गाळ) खाली बसू द्या आणि वरचा रस दुसऱ्या टाकीत घ्या. अगदी काचेसारखा स्वच्छ करू नका. किंचित धूसर हवा, नाहीतर यीस्टला खायला काही राहत नाही आणि आंबवणं मध्येच अडकतं.

उद्यमनगरी

टाकीचं आमच्याकडं सोपवा. दुधाची टाकी करणारा वाइनची टाकी करू शकतो, पण ड्रॉइंग दुधाचं चालत नाही. फरक कुठं हाय बगा:

१००० लिटर रसाला १ मीटर व्यास, १.४ मीटर सरळ उंची. म्हणजे ११०० लिटर, फेसाला वर जागा. पत्रा २ मिमी. खालचा भाग, जिथवर रस असतो तिथवर, एसएस ३०४ चालतं. वरचं कडं आणि झाकण ३१६ चंच घ्या. पैसे वाचवायला सगळी ३०४ मध्ये करतात आणि दोन हंगामांत झाकणाच्या आतून बारीक खड्डे पडायला लागतात. कारण मोकळ्या जागेत सल्फर डायऑक्साइडचा वायू साठतो आणि झाकणावरच्या ओलाव्यात उतरून पत्रा खातो. दुधात हा प्रकार नाही, म्हणून डेअरीवाल्याच्या लक्षातच येत नाही.

वेल्डिंग टिग, आणि आतून आर्गॉनचा पर्ज (आर्गॉन वायू सोडून हवा बाहेर काढणं). पर्ज न देता केलेल्या जोडाच्या आत काळपट, साखरेच्या दाण्यासारखी खरबरीत कड राहते. तिथं घाण बसते, धुतली तरी निघत नाही. टाकी घेताना टॉर्च आत घालून प्रत्येक जोडावर बोट फिरवा. बोटाला लागलं तर परत पाठवा. निळसर-पिवळा डाग राहिला असेल तर पिकलिंग-पॅसिव्हेशन (जोड आम्लानं साफ करणं) झालेलं नाही.

रस काढायचा व्हॉल्व्ह तळापासून १३-१४ सेंमीवर. १ मीटर व्यासात ८० लिटर साका १० सेंमी उंच बसतो, त्याच्या वर थोडी जागा पायजेच. तळ एका बाजूला उतरता आणि सगळ्यात खाली वेगळा मोठा व्हॉल्व्ह. थर्मामीटरचा खिसा टाकीच्या उंचीच्या एक-तृतीयांशावर, आणि तो जॅकेटच्या (टाकीभोवती थंड ग्लायकॉल फिरवणाऱ्या कवचाच्या) मागं येऊ देऊ नका. तसं झालं तर थर्मामीटर वाइनचं नव्हे, ग्लायकॉलचं तापमान दाखवतो.

वर दाब-निर्वात व्हॉल्व्ह. झाकण घट्ट बंद ठेवून खालनं पंप लावला की २ मिमीची टाकी आत चेपते. दुरुस्त होत नाही, भंगारात जाते.

मळीवाला

जुना बल्क मिल्क कूलर स्वस्तात मिळतोय, १००० लिटरचाच. शीतकरण आतच आहे. तो का नाही चालणार?

उद्यमनगरी

@मळीवाला भावा, तो आडवा असतो, झाकण हवाबंद नसतं आणि वाइनचा पृष्ठभाग लई मोठा राहतो. साका बसवायला २४ तास वापरलास तर हरकत नाही, तेही सगळी रबरं बदलून. जुन्या गॅस्केटमधला दुधाचा वास काय केल्या जात नाही. पण आंबवायला आणि साठवायला नको.

द्राक्षवेल

चिलरचा आकार ठरवताना बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून आकडेच मांडते. लोकांना वाटतं आंबताना खूप उष्णता निघते, त्यासाठी मोठा चिलर लागतो. ब्रिक्स रोज १ ने उतरत असेल तर १००० लिटरमधून सरासरी ७० वॅटच्या आसपास उष्णता निघते. किरकोळ. अर्थात ती काढलीच नाही तर साठत जाते. पूर्ण २२ ब्रिक्स आंबेपर्यंत जवळजवळ ३० अंशांची वाढ होईल इतकी ती एकूण असते.

खरा भार पहिल्या दिवशी. २८ अंशाचा रस १२ अंशावर आणायला सुमारे ६० मेगाज्यूल काढावे लागतात. ६ तासांत करायचं तर पावणेतीन किलोवॅट, म्हणजे शीतकरणाच्या मापात पाऊण टनाच्या वर. नळ्यांतली गळती आणि ग्लायकॉल थंड ठेवण्याने घटणारी क्षमता धरून दीड टन घ्यावा लागतो. तेच फळ पहाटे १८ अंशाला आलं तर भार २२ मेगाज्यूलवर येतो. म्हणजे तोडणी चार तास आधी केली की चिलर निम्म्यात भागतो. मजुरांना पहाटेचा जादा दर द्या, तरी परवडतं.

जॅकेट, नळ्या आणि झाकणाला इन्सुलेशन हवंच. आपल्याकडे मार्चमध्ये दुपारी पारा ३५ च्या पुढे जातो.

साका_खाली

आंबवण्याकडे येतो. यीस्ट १००० लिटरला २०० ग्रॅम. २ लिटर कोमट पाण्यात (३७-३८ अंश) १५-२० मिनिटं, मग त्यात थोडा थोडा रस घालत तापमान खाली आणायचं. रस आणि यीस्टच्या पाण्यात १० अंशांहून जास्त फरक असताना ओतलं तर अर्धं यीस्ट तिथेच मरतं. उरलेलं कसंबसं चालतं आणि शेवटच्या ३ ब्रिक्सला बसतं.

तापमान १४ ते १६ अंश. ब्रिक्स रोज ०.८ ते १.२ ने उतरायला हवा. २ ने उतरत असेल तर फळाचा वास गॅसबरोबर खोलीभर पसरतोय, म्हणजे बाटलीत तेवढा कमी. रोजचा उतार ०.५ च्या खाली गेला तर तापमान १७ वर न्या.

नायट्रोजन तपासून घ्या. आपल्या शेनिनमध्ये बऱ्याचदा कमी पडतो. गरज असेल तर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) दोन हप्त्यांत, एक सुरुवात झाल्यावर २४ तासांनी आणि दुसरा एक-तृतीयांश साखर गेल्यावर. १००० लिटरला २०० ग्रॅम डीएपीने नायट्रोजन सुमारे ४२ मिलिग्रॅम प्रतिलिटर वाढतो. अर्धं आंबून झाल्यावर डीएपी टाकून उपयोग नाही, यीस्ट तो घेत नाही आणि तो पुढच्या जिवाणूंचं जेवण होतो.

अंड्याचा वास आलाच तर आधी डीएपी आणि जोराने ढवळणं. आंबवणं संपल्यावरही राहिला तर कॉपर सल्फेट, पण ते पेल्यात चाचणी करून, अगदी ०.२ पीपीएमपासून वर. डोळे झाकून टाकलं तर वासाबरोबर फळही जातं.

शेवट हायड्रोमीटरने बघा. बागेतला रिफ्रॅक्टोमीटर अल्कोहोल तयार झाल्यावर खोटं बोलतो. पूर्ण कोरडी वाइनही ७-८ ब्रिक्स दाखवते आणि माणूस 'आंबवणं अडकलं' म्हणून धावपळ करतो. विशिष्ट घनता ०.९९२ ते ०.९९४ ला आली आणि तीन दिवस हलली नाही की झालं.

तासगावकर

सुरक्षिततेचं कुणी लिहिलं नाही. १००० लिटर रसातून ५०,००० लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. ४ बाय ४ मीटरची, ३ मीटर उंच खोली भरेल इतका. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. पंखा खाली लावा, वर नव्हे. आणि रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत डोकं घालू नका.

रश्श्याची_वाटी

मॅलोलॅक्टिक (जिवाणू मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात ते) होऊ द्यायचं की नाही? ओक नसेल तर वाइन फारच पातळ लागते अशी तक्रार असते. ते झालं की जरा गोलाई येते.

साका_खाली

शेनिनमध्ये माझ्या मते नाही. उष्ण हवेत मॅलिक आम्ल आधीच कमी असतं, उरलेलं घालवलं तर पीएच आणखी वर. गोलाई हवी असेल तर बारीक साक्यावर दोन ते अडीच महिने ठेवा, आठवड्यातून एकदा हलकं ढवळा, ढवळताना वर नायट्रोजन. मेलेल्या यीस्टमधून जे उतरतं त्याने जिभेवर वजन येतं, लोण्याचा वास येत नाही. जाड साका मात्र पहिल्या १० दिवसांतच काढायचा, तो कुजतो.

द्राक्षवेल

इथे मी थोडी वेगळी आहे. शार्दोने असेल तर अर्धी टाकी होऊ द्यायला माझी हरकत नाही. फ्रान्सच्या शाब्लीत बरीचशी वाइन स्टीलमध्येच बनते, आणि मॅलोलॅक्टिक होऊ देतात. पण तिथे थंडीमुळे आम्लता इतकी असते की घालवायला भरपूर उरतं. आपल्या शेनिनबद्दल साका_खाली यांच्याशी सहमत.

मात्र एक अट: मॅलिक राखलं असेल तर बाटलीत जाताना ०.४५ मायक्रॉनचा निर्जंतुक फिल्टर लागतोच. नाहीतर बाटलीत जिवाणू जागे होतात, वाइन गढूळ होते आणि झाकण उघडताना फुसफुसते.

साका_खाली

स्थिरीकरण. दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, लोक एक समजतात.

पहिली प्रथिनं. थंडीत दिसत नाहीत, गरमीत दिसतात. गाळलेली वाइन ८० अंशाला २ तास ठेवा, रात्रभर थंड होऊ द्या. धुरकट झाली तर बेंटोनाइट (प्रथिनं ओढून घेणारी बारीक माती). लहान बाटल्यांत १००० लिटरला ४००, ६००, ८०० ग्रॅमच्या प्रमाणात चाचणी करा आणि ज्या सर्वांत कमी मात्रेला धूर थांबतो तीच घ्या. बेंटोनाइट गरम पाण्यात ५ टक्के, आदल्या दिवशी भिजवलेलं. कोरडं टाकलं तर गोळे होतात आणि काम अर्धंच. जास्त टाकलं तर वाइन धुतल्यासारखी होते.

दुसरी टार्टरेट (टार्टारिक आम्लाचे खडे). उणे ३ ते उणे ४ अंशाला आठवडाभर. लिटरला ४ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर बी म्हणून टाकलं आणि ढवळत राहिलं तर एक-दोन दिवसांत उरकतं. गाळणं त्याच थंडीत करायचं, तापली की खडे परत विरघळतात. पण थंड वाइन ऑक्सिजन जास्त पिते, हे विसरू नका. या टप्प्यावर नळ्या, पंप आणि पुढची टाकी नायट्रोजनने भरून घेतली नाही तर तीन महिन्यांची मेहनत अर्ध्या तासात जाते.

क्रम महत्त्वाचा: आधी बेंटोनाइट, मग थंडी. बेंटोनाइटचा साका थंडीत छान दाबून बसतो.

मळीवाला

बाटलीत मोकळा सल्फर डायऑक्साइड किती पीपीएम ठेवायचा? कुणी २५ म्हणतं, कुणी ५०.

द्राक्षवेल

दोघंही बरोबर असू शकतात, पीएच सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. रेणुरूप सल्फर डायऑक्साइड ०.८ पीपीएम ठेवायचा तर पीएच ३.३ ला मोकळा २६ पुरतो, ३.५ ला ४० लागतो आणि ३.७ ला ६३. म्हणूनच साका_खाली यांनी सुरुवातीला पीएच ऐका म्हटलं.

त्यावर बाटली भरताना शिरणाऱ्या ऑक्सिजनसाठी थोडं जास्त धरा, १ मिलिग्रॅम ऑक्सिजन सुमारे ४ मिलिग्रॅम सल्फर खातो. ३० ते ३५ ने सुरुवात केली आणि महिन्याने मोजलं तर कळतं भरणी कशी झाली. ३५ चे १२ झाले असतील तर भरणीचं नळकांडं आणि बाटलीच्या मानेतली हवा तपासा.

झाकण फिरकीचं. या वाइनला बुचाचा काही फायदा नाही.

रश्श्याची_वाटी

विकत घेणाऱ्यांसाठी मी लिहितो. लेबलवर तोडणीचं वर्ष बघा. ओक नसलेली शेनिन किंवा सोविन्यों दीड-दोन वर्षांत संपवायची, 'जुनी तेवढी चांगली' इथे लागू नाही. दुकानात खिडकीतली, ट्यूबलाइटखालची बाटली नको, त्यातही पांढऱ्या काचेची तर नकोच. उजेडाने ओल्या लोकरीसारखा, कोबीसारखा वास येतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकहून आणताना डिकीत ठेवू नका. एसीच्या बाजूला, पायाशी, ओल्या टॉवेलात. रंग गडद सोनेरी झालेला आणि वास मार लागलेल्या सफरचंदाचा असेल तर ती गेली.

८ ते १० अंशाला प्या. फ्रिजमधून काढून १५-२० मिनिटं. बर्फासारखी गार केली तर वास बंद होतो आणि नुसता आंबटपणा उरतो.

आता जेवण. पांढऱ्या रश्श्याला ही वाइन चपखल. नारळाचं दूध, काजू, खसखस, मटणाचा स्टॉक, म्हणजे स्निग्ध आणि सौम्य; त्याला आंबटपणाची धार लागते. ओक लावलेली शार्दोने इथे फसते. पिंपाचा खोबऱ्याचा वास आणि रश्श्यातला नारळ एकावर एक येऊन तोंड जड होतं. तांबड्या रश्श्याबरोबर कोरडी वाइन घेऊ नका. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं आणि फळाची चव लागतच नाही. घ्यायचीच तर लिटरला १०-१५ ग्रॅम साखर राहिलेली शेनिन, अल्कोहोल १२ च्या खाली. सुरमईच्या तवा फ्रायवर सोविन्यों, लिंबू न पिळता. आणि सोलकढी त्याच ताटात असेल तर एकमेकांत मिसळू नका, कोकमापुढे कुठलीही पांढरी वाइन बेचव लागते.

मळीवाला

आंबवणं झाल्यावर साका काढून ९५० लिटर उरते, टाकी ११०० ची. वरचे दीडशे लिटर रोज नायट्रोजनने भरायचे का?

उद्यमनगरी

म्हणून तर तरंगतं झाकण बसवा म्हणतोय, ड्रॉइंगच्या वेळीच ठरवा. फुगणाऱ्या गॅस्केटला हाताचा पंप आणि गेज येतो. गेज रोज सकाळी बघायचा. दाब उतरला की झाकणाच्या कडेनं पांढरी साय धरते आणि वाइन व्हिनेगरच्या वाटेला लागते. झाकणाच्या मधोमध एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी नळी) ठेवा, त्यात पाणी नव्हे, केएमएसचं पाणी. आणि टाकीचं वरचं एक-तृतीयांश कडं आतून घासून गुळगुळीत करून घ्या, नाहीतर गॅस्केट पहिल्याच हंगामात फाटतं. नवं गॅस्केट घेताना फूड ग्रेड सिलिकॉनचं घ्या, काळं रबर वाइनला वास लावतं.

मळीवाला

आणि १००० च्या एकीच्या जागी २५० लिटरच्या चार टाक्या घेतल्या तर? उरलेला माल लहान टाकीत टाकता येईल.

उद्यमनगरी

एक २५० ची जोड म्हणून घ्या, चार नको. लहान टाकीत लिटरमागं पत्रा जास्त, जॅकेट जास्त, व्हॉल्व्ह प्रत्येकीला वेगळे. हवेला लागणारा पृष्ठभागही लिटरमागं वाढतो. १००० ची एक, २५० ची एक आणि ५० लिटरचे दोन केग (स्टीलचे छोटे बंद पिंप), एवढ्यात हंगाम निघतो. केग कायम काठोकाठ भरलेले ठेवायचे, मोठ्या टाकीत भर घालायला तेच कामी येतात.